बस्त्याचा काउंटर

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखत झाली. माणगावातलं साड्यांचं दुकान, हायवेला लागूनच. दिघीला कापडाच्या दुकानात सात वर्षं काढली, ते सांगितलं. मिस्टर? "जूनमध्ये गेले." हे मी हल्ली पत्ता सांगावा तसं सांगते.

मग पगार. मी बारा हजार म्हटलं. मालक म्हणाले, "बारा लग्नाच्या बस्त्याच्या काउंटरला. तुम्हाला आत घड्या घालायला देतो. आठ." का, ते विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

उठणारच होते. तेवढ्यात काउंटरवरची सुचित्रा – ठसठशीत कुंकू, गळ्यात दोन वाट्या – मालकांना म्हणाली, "बाई कामाची दिसते. गळ्यात घातलंन तर कोण विचारतंय?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "मंगळसूत्र घालून आलात तर बारा."

बुधवारी सांगते म्हटलं. राग यायला हवा होता. स्टँडवर बसून शेंगदाणे खाल्ले.

४ नोव्हेंबर

खोलीचं भाडं साडेतीन. आठ हजारांत माझी लेक राही आणि मी दादाकडेच राहणार. बारा मिळाले तर सुटू. दादा चांगला आहे. वहिनीही वाईट नाही, फक्त दूध ओतताना राहीच्या पेल्याकडे बघते.

५ नोव्हेंबर

गेले. म्हटलं, घालते, पण माझं सोन्याचं मिस्टरांच्या, निकेतच्या, दवाखान्याच्या बिलासाठी मोडलं. युनिफॉर्मची साडी दुकान देतं ना? मग हेही दुकानानेच द्यावं. आणि बारा पहिल्या दिवसापासून, तीन महिन्यांनी नाही! मालक कान खाजवत बसले. शेवटी खणातून एक खोटं मंगळसूत्र काढलं. तयारच होतं. "जाताना इथंच ठेवायचं."

जिंकले म्हणायचं. आतून काहीच हललं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बस्ता. नवरीच्या आईने शालूला कुंकू माझ्या हातून लावून घेतलं. "सवाष्णीचा हात लागू दे." लावला. आणि पुढचा शालू उलगडला.

सुचित्रा पलीकडून बघत होती. तिचं दिवसभर सुरू असतं – आमच्या ह्यांना भरलं वांगं लागतं, आमच्या ह्यांना पंखा सोसत नाही. मला ती बाई आवडत नाही. हे गळ्यात तिनेच अडकवलं.

१२ नोव्हेंबर

राहीने मानेवरची हिरवट रेघ पाहिली. घामाने झालं, म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एरवी मी सातला निघते. आज गर्दी होती, शेवटपर्यंत थांबले. मंगळसूत्र ठेवायला गेले, तर सुचित्रा खणापाशी उभी. तिनेही गळ्यातलं काढलं, आत ठेवलं. मानेवर तशीच हिरवी रेघ.

"सहा वर्षं झाली," म्हणाली. "पहिली दोन वर्षं आतच होते, घड्या घालत. माझ्यासाठी कुणी तोंड उघडलंन नाय."

स्टँडपर्यंत बरोबर चाललो. मध्येच तिने विचारलं, "तुझ्या ह्यांना काय आवडायचं गो जेवायला?"

पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. सांगायला गेले आणि रडू फुटलं. भर रस्त्यात.