टिकली न लागलेली जागा

११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मारेट,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर मिळालं. उत्तराला दीड महिना लागला, त्याबद्दल माफ कर. जानेवारीत दोनदा लिहायला बसलो होतो. दोन्ही पत्रं फाडली, कारण त्यांत फक्त थंडीबद्दल लिहिलं होतं आणि थंडी तुझ्याकडे नॉर्वेतही काही कमी नसणार.

आपले बाबा आहेत तसेच आहेत. वृद्धाश्रमातल्या नर्स म्हणतात की सकाळची लापशी ते पूर्ण खातात, दुपारचं जेवण मात्र अर्धं टाकतात. नोव्हेंबरपासून ते मला ओळखत नाहीत. मी गेलो की उठून उभे राहतात, हात मिळवतात आणि बसायला सांगतात. पाहुण्याशी वागावं तसं फार नीट वागतात. मागच्या रविवारी मी निघताना म्हणाले, "बस चुकेल तुमची, घरी कोणी वाट बघत असेल." मी हो म्हणालो.

मागच्या उन्हाळ्यात मला काम मिळालं होतं हे तुला फोनवर सांगितलं होतं. कसलं काम ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. नगरपालिकेला आपल्या तळ्याच्या उद्यानाची पाहणी करायची होती. लोकांना तिथे काय मिळतं, विसावा की आठवणी की नुसती बघायला बरी वाटणारी जागा, ते लोकांनाच विचारून नकाशावर मांडायचं होतं. रित्वा नावाच्या बाई प्रमुख होत्या, विद्यापीठातून आलेल्या. मी शाळा अर्धवट सोडली हे अर्जात लिहिलं होतं, तरी त्यांनी मला घेतलं. म्हणाल्या, "बारा अर्ज आले, त्यांत तुझ्या एकट्याच्या अर्जात एकही चूक नाही." तो अर्ज मी शब्दकोश जवळ घेऊन चार वेळा उतरवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काम असं होतं. उद्यानाच्या वाटेवर छोटं टेबल मांडायचं, त्यावर मोठा नकाशा आणि रंगीत टिकल्या. हिरवी विसाव्याची, निळी खेळाची, पिवळी सुंदर जागेची, लाल आठवणीची. पांढरी टिकली अशा जागेसाठी, जिथे आपण जात नाही पण ती आहे म्हणून बरं वाटतं. येणाऱ्याने टिकल्या लावायच्या, मी कारण लिहून घ्यायचं. नियमांच्या कागदावर ठळक लिहिलं होतं: उत्तर देणारा जे बोलेल तेच लिहा, पदरचं काही घालू नका. नियम कळले की मला बरं वाटतं, हे तुला माहीत आहे.

पहिले काही आठवडे मला ते काम इतकं आवडलं की रविवारीही जावंसं वाटायचं. आपल्या शेजारच्या हिल्क्काबाईंनी तळ्याच्या मधोमध लाल टिकली लावली. मी विचारलं, पाण्यात? तर म्हणाल्या, "अरे, इथेच आमचे हे बर्फ फुटून आत गेले होते. वर आले ते हसतच आणि म्हणाले, टोपी राहिली खाली. ती टोपी अजून तिथेच आहे, लिही." मी लिहिलं. एका बसचालकाने लहान मुलांच्या वाळूच्या खड्ड्याशेजारी हिरवी टिकली लावली. "मी डबा तिथे बसून खातो. मुलं मला काहीच विचारत नाहीत. दिवसभर बाकी सगळे विचारतात, ही बस कुठे जाते. पाटी वाचायला काय होतं?" तेही लिहिलं. शाळेतल्या एका मुलीने तळ्यातल्या बेटावर पांढरी टिकली लावली, कारण तिथे कोणी जाऊ शकत नाही. नकाशा हळूहळू रंगत गेला. ज्या तळ्याजवळून मी जन्मभर चालत आलो, त्यात किती लोकांचं काय काय पडलेलं आहे हे मला तेव्हा कळलं.

फक्त एक कोपरा रिकामा राहिला. उत्तरेकडचं स्प्रूसच्या उंच, सुईसारख्या पानांच्या झाडांचं जुनं रान, बर्फावरून स्की करत जायचा मार्ग संपतो त्याच्या पलीकडचं. तिथे एकही टिकली लागली नाही. माझ्या टेबलाशी एकशे सत्त्याऐंशी माणसं थांबली. प्रत्येकाला मी नियमाप्रमाणे नकाशाचा प्रत्येक भाग दाखवून विचारलं.

"तिकडे? तिकडे काही नाही. डास आहेत."

"ओल आहे नुसती. बूट खराब होतात."

"मी तर कधी गेलोच नाही त्या बाजूला," असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या दाढीत स्प्रूसची पानं अडकलेली होती आणि हातातल्या बादलीवर वर्तमानपत्र झाकलेलं होतं. त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं आणि मला विचारलं, "आणि तुम्ही हे विचारताय कशासाठी?"

ऑगस्टमध्ये रोज सकाळी मी लोकांना त्या रानातून बाहेर येताना बघत होतो. टोपलीवर कोट टाकलेला, पिशवीचं तोंड बांधलेलं. दोघं समोरासमोर आले की दोघंही कुत्रा शोधत असल्यासारखं करायचे. एकाने तर हाकही मारली, आणि त्याच्याकडे कुत्रा नव्हता. काय चाललं आहे हे मला पूर्ण माहीत होतं. आपल्याकडे माणूस घराची किल्ली शेजाऱ्याला देईल, पण रानात पिवळी अळंबी उगवते ती जागा सख्ख्या भावाला सांगणार नाही. आणि समोर पसरलेल्या नकाशावर, चारचौघांत, त्या जागेवर कोण टिकली लावणार? प्रत्येकाला वाटत होतं की ते रान आपलं एकट्याचं आहे.

मी काय लिहिलं? "डास आहेत." "ओल आहे." "काही नाही." जे बोलले ते लिहिलं, पदरचं काही घातलं नाही.

एक गोष्ट आणखी आहे आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. काम सुरू होण्याआधी रित्वाबाईंनी सरावासाठी मलाही एक फॉर्म भरायला लावला होता. "तुझी स्वतःची जागा कुठली?" मी टिकली हातात घेतली आणि पोहण्याच्या धक्क्यावर लावली. मला पोहता येत नाही. तो फॉर्मही मोजणीत धरला गेला.

ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म, त्यात शुद्धलेखनाची चूक नाही. रित्वाबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. उत्तरेकडच्या रानापुढे लिहिलं होतं: सांस्कृतिक मूल्य नगण्य. मी तो शब्द दोनदा वाचला. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला नगरपालिकेने सगळ्यांना बघायला फलकावर आराखडा लावला. आइस हॉकीचं बंदिस्त मैदान आणि त्याचं वाहनतळ बांधायचं ठरलं. जागा कुठे असावी यावर वाद झालाच नाही, कारण नकाशावर फक्त एक जागा अशी होती जी कोणालाच नको होती. त्यांचा दोष आहे असं मला म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं होतं.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. मला वाटलं, आता सगळे बोलतील. आराखड्यासमोर मी त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यांना पाहिलं, हिल्क्काबाईंना पाहिलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत उभ्या होत्या. मी म्हणालो, हिल्क्काबाई, तुम्ही हरकत घेणार का? त्या म्हणाल्या, "मी कशाला? मला काय त्या रानाचं?" आणि रुमाल पुन्हा चष्म्यावर फिरवू लागल्या. त्यांना वाटत असणार, दुसरं कोणीतरी लिहील. तसंच सगळ्यांना वाटत असणार.

म्हणून मी लिहायला घेतलं. नऊ वेळा उतरवलं. नकाशा का रिकामा राहिला, लोक का बोलले नाहीत, सगळं लिहिलं. पिवळी अळंबी झाडांच्या मुळांशी धरून जगते, ती उचलून दुसरीकडे लावता येत नाही, झाडं गेली की ती संपते, हेही लिहिलं. पण हरकतीच्या फॉर्मवर एक नकाशा होता आणि अट होती की आपली जागा त्यावर नेमकी दाखवावी. हरकती सगळ्यांना वाचायला खुल्या असतात. मला माहीत होती ती अळंबीची जागा माझी नव्हती, बाबांची होती. म्हणून मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी तो नकाशा घेऊन त्यांना विचारायला गेलो.

ते खिडकीशी बसले होते. मी नकाशा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, बाबा, तुम्ही अळंबी कुठे काढायचा ते इथे दाखवायचंय. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उत्तरेच्या कोपऱ्यावर अख्खा पंजा ठेवला. दाखवायला नव्हे, झाकायला. मग हसले. किती महिन्यांनी हसले. "कोणी पाठवलं तुम्हाला?" म्हणाले. "हिल्क्काने?" मी म्हणालो, कोणी नाही, रान तोडणार आहेत, सांगितलं तर कदाचित वाचेल. त्यांना ते कळलं नाही, किंवा पटलं नाही. माझ्या जवळ वाकून म्हणाले, "माझ्या पोराला ठाऊक आहे ती जागा. त्याला विचारून बघा. तोंड उघडणार नाही तो. शाळा नाही जमली त्याला, पण तसा तो पक्का आहे."

माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. ते मला समोर बसवून मला सांगत होते आणि मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मी नकाशाची घडी घातली. त्यांना कॉफी आणून दिली, वेलदोड्याचा पाव त्यात बुडवून दिला. दुसऱ्या दिवशी मुदत संपेपर्यंत घरी बसून राहिलो. हरकत एकही आली नाही.

तेव्हापासून मी सारखा हिशोब लावतो की मी चुकलो कुठे. सरावाच्या फॉर्मवर, की "डास आहेत" लिहिताना, की घडी घालताना. प्रत्येक वेळी मी नियमानेच वागलो होतो, आधी नगरपालिकेच्या आणि मग बाबांच्या. तुला विचारावंसं वाटलं होतं. पण तुला विचारायचं म्हणजे आधी ती जागा सांगायची, आणि तेच तर नव्हतं करायचं.

मला आठवतं, तू शेवटची आलीस तेव्हा स्वयंपाकघरात बाबांना विचारलं होतंस की यंदा अळंबी कुठे मिळाली. बाबा म्हणाले, "यंदा कुठे आलीय अळंबी," आणि त्यांच्या समोरचा तवा लोण्यात परतलेल्या अळंबीने भरलेला होता. तू हसली नाहीस. न जेवता वर गेलीस आणि सकाळच्या गाडीने निघालीस. नऊ वर्षांची असताना तू वर्गातल्या मैत्रिणीला बाबांची तळ्यापलीकडची अळंबीची जागा सांगितली होतीस आणि पुढच्या वर्षी ती जागा ओरबाडलेली निघाली, हे त्यांनी तुला कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी नुसतं तुला नेणं बंद केलं. दुसरी जागा सापडल्यावर पहाटे फक्त मला उठवायचे. मी पायऱ्या उतरताना तुझ्या खोलीचं दार किलकिलं असायचं आणि तू जागी असायचीस, हे मला माहीत होतं. मीही कधी बोललो नाही.

हे पत्र मी त्यासाठी लिहितो आहे. स्कीच्या मार्गावरचा शेवटचा दिव्याचा खांब आहे ना, तिथून तळ्याकडे पाठ करून सरळ चालायचं. ओढा लागतो, सध्या तो गोठलेला आहे. ओलांडला की दोन स्प्रूस एकाच बुंध्यातून वाढलेले दिसतील. त्यांच्या डावीकडे चाळीस पावलं, बाबांची नव्हे, तुझी. तिथे शेवाळाने भरलेला उतार आहे, घराच्या छपराएवढा. ऑगस्टमध्ये तो पूर्ण पिवळा असतो. आत्ता बर्फ आहे, तुला काहीच दिसणार नाही. यंत्रं सव्वीस तारखेला, सोमवारी सकाळी येणार आहेत, जमीन घट्ट गोठलेली असताना काम सोपं जातं म्हणून. त्याआधी तुला यायला जमलं तर मी स्टेशनवर येईन. नाही जमलं तरी तुला आता माहीत आहे. एकच मागणं आहे. आलीस आणि बाबांना भेटलीस, तर मी सांगितलं हे त्यांच्यापुढे काढू नकोस. त्यांच्या पोराने कोणालाच सांगितलं नाही, असंच त्यांना वाटू दे.

तुझाच, उशिरा बोललेला भाऊ,
टूक्का