पाणवठ्यावरचा सिमेंटचा वाघ

१२ मे १९७४, रविवार
नागपूर

अजून डोकं तापलेलंच आहे. आटलेल्या तलावाकाठच्या राखीव जंगलात म्हणे आता कला नांदणार! झाडाझाडाखाली पुतळे उभे केले, तेवढं मी सोसलं. पण जंगलातल्या एकुलत्या एका पाणवठ्यावर सिमेंटचा वाघ, तोही जबडा वासलेला? आणि ऐन मे महिन्यात?

आज संध्याकाळी बाकावर बसून पाहिलं. चितळांचा कळप पाण्यावर आला, वाघ दिसताच थबकला. एका मादीनं पाय आपटला आणि सगळी तहानलेलीच परत फिरली. मागे उभे असलेले जंगलाचे साहेब चक्क टाळ्या वाजवू लागले.

"पाहा बाई, हरणाईले बी खरा वाटून राहिला! किती जिवंत शिल्प!"

"शिल्प जिवंत राहील हो, हरणं मरतील. आजच्या आज हलवा तो."

"काहून चिडता, बाई? मंत्रीसाहेबाईले एकदा फीत कापू द्या, मग हलवू."

मंत्री कधी येणार, ते यांनाही ठाऊक नाही. तोवर हरणांनी काय प्यावं, फीत?

तो वासलेला जबडा डोळ्यांसमोरून जात नाही. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत ईस्टरच्या आधी सिस्टर्स चॅपेलमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडानं झाकत. ईस्टरपर्यंत त्या कापडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

माझं जुनं जांभळं पातळ ट्रंकेतून काढलंय. फडफडून हरणं बुजू नयेत म्हणून सुतळीही घेतली आहे. उद्या झाकतेच त्याला. मंत्र्यांनी अनावरण खुशाल करावं, पण पाऊस पडल्यावर.