युतीत अडकलेला बैल

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, गोंदिया, जिल्हा भंडारा

विषय : आमगाव कोंडवाड्यातील ‘बादल’ नावाचा बैल लिलावाआधी सोडण्याबाबत.
संदर्भ : कोंडवाड्याच्या मुन्शीचा तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार शालीकराम तुरकर, राहणार आमगाव, हा अखंड राष्ट्रवीर दलाचा स्थानिक अध्यक्ष आहे. दल लहान आहे. बैठक अर्जदाराच्या ओसरीवर बसते आणि तरी ओसरी उरते. विचार मात्र मोठा : देश आमचा, बाकीच्यांनी आपले पाहावे.

१. एकट्याने निवडणूक झेपेना, म्हणून दलाने मालगुजार हिरालालजींच्या मंडळाशी युती केली. शब्दावर कोणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, रिवाजाने दोन्हीकडून एकेक बैल देऊन जोडी पळवावी, असे ठरले. दलात बैल अर्जदाराकडेच होता.

२. बादल आजवर शेजारी शेख रहीम यांच्या पवन या बैलासोबतच पळत आला. रहीमभाई मुसलमान असल्याने ही जोडी दलास शोभत नाही, असा ठराव अर्जदारानेच मांडला. अर्जदाराचे कुटुंब देवकाबाई तेव्हाच म्हणाली होती, “बैलाले विचारलं का? त्याले कायले तुमच्या दलात घालून राहिले?” बाईमाणसाचे बोलणे म्हणून ते सोडून देण्यात आले.

३. पटात झेंडी पडली, मालगुजारांचा बैल उधळला, बादल जागचा हलला नाही. मालगुजारांनी तिथेच युती मोडली. दलाने संध्याकाळपर्यंत गोवर्धन शेठांच्या आघाडीशी नवी युती केली आणि बादलची शिंगे पुन्हा रंगवली. शेठांच्या प्रचारगाडीस जुंपताच तो उमेदवारासह थेट रहीमभाईंच्या गोठ्यात शिरला. उमेदवाराने भाषण तिथेच उरकले; श्रोत्यांत पवन आणि दोन शेळ्या होत्या. संतापून शेठांनी बादलला कोंडवाड्यात घातले.

४. मुन्शी म्हणतो, बैल युतीचा आहे, सर्वांची संमती आणा. मालगुजार पुढचा अर्धा मागतात, शेठ मागचा. दलाचे चिटणीस घनश्याम यांचे म्हणणे, निदान शेपूट तरी दलाचे राहावे. अर्जदाराकडे कुंपणावरून वैरण टाकणे तेवढे उरले आहे, आणि बादल तिला तोंड लावत नाही. गुरुवारी लिलाव आहे. अर्जदाराच्याही घशाखाली घास उतरत नाही.

५. तरी विनंती की, सर्व दावेदारांसमक्ष फाटक उघडावे आणि बादल ज्याच्याकडे जाईल त्याचा ठरवावा. रहीमभाई पवनला घेऊन येण्यास राजी आहेत. विचारायला अर्जदार स्वतः गेला होता. त्यांनी चहा पाजला आणि ठरावाचा विषय काढला नाही, हेच अर्जदारास फार लागले.

बादल पवनकडेच जाईल, हे साऱ्या आमगावास ठाऊक आहे. त्यावरून तो रहीमभाईंचा ठरला तरी अर्जदाराची हरकत नाही. दोन्ही घरांमध्ये एकच कुडाची भिंत आहे; बादल रोज दिसेल.

आपला नम्र,
शालीकराम तुरकर
(खालचा ‘अध्यक्ष’ हा हुद्दा अर्जदाराने स्वतः खोडला आहे.)
आमगाव, १२ फेब्रुवारी १९४६

सोबत : बादलची घुंगरमाळ. फाटक उघडण्याआधी कृपया गळ्यात बांधावी. पवन तिचा आवाज ओळखतो.