घोडी झुंबरबाईंच्या नावावर आहे

मी, कलाबाई देवचंद बिऱ्हाडे, वय अडुसष्ट, धंदा घरकाम, राहणार पिंप्राळा, जळगाव, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. त्रास मला हृदयाचा आहे, डोक्याचा नाही. लिहायला कोणी बसवलेले नाही. उलट, एवढ्यात कशाला लिहितेस, असे म्हणणारे घरात दोघे आहेत. वकील ज्योती बैसाणे यांनी मला छापील नमुना दिला होता. त्यात 'वाहन' या शब्दापुढे एक लहानशी रेघ होती. माझे वाहन त्या रेघेत मावेना, म्हणून कोरे ताव घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती कालकथित देवचंद बिऱ्हाडे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मला दोन अपत्ये आहेत: मुलगा प्रशील आणि मुलगी प्रज्ञा. प्रशीलची पत्नी सपना हिला कायदा वारस मानत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणूनच तिचे नाव इथे पहिल्याच कलमात लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

२. पिंप्राळ्याचे राहते घर, पुढच्या पत्र्याच्या शेडसह, प्रशील आणि सपना या दोघांना निम्मे निम्मे द्यावे. उताऱ्यावर दोघांची नावे लावावीत, एकाखाली एक नव्हे, शेजारी शेजारी लागत असतील तर तशी. प्रज्ञाला तिच्या माहेरी कधीही येऊन राहण्याचा हक्क आहे. मधल्या खोलीची खिडकी तिला उघडी लागते. ती बंद करू नये.

३. पोस्टातली ठेव प्रज्ञाची. ती धुळ्याला आयटीआयमध्ये शिकवते, तिला पैशाची गरज नाही, असे प्रशील म्हणेल. गरज पाहून द्यायची ती मदत. हा हिस्सा आहे.

४. यांची हत्यारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, टॉर्च, जॅक आणि हिरवी पेटी, हीसुद्धा प्रज्ञाची. लहानपणी तीच यांच्या हातात पाना द्यायची, आणि मागितला तोच द्यायची. प्रशील पाना शोधायला जायचा आणि पतंग घेऊन यायचा. हे दोष म्हणून लिहिलेले नाही.

५. माझी पुस्तके विहाराच्या वाचनालयात द्यावीत. मला दुसरीतच शाळेतून काढले होते. पुढचे वाचन मी स्वतः शिकले, आधी डेपोत येणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवरून, मग पुड्यांच्या कागदांवरून, मग पुस्तकांवरून. प्रज्ञाला शाळेत घालताना मी पहिल्यांदा सही केली. त्याआधी सगळीकडे अंगठा होता. अंगठा पुसायला चिंधीसुद्धा कोणी देत नसे, तो पदरालाच पुसावा लागे. नवीन वाचायला शिकणारी एखादी बाई वाचनालयात आली, तर पुस्तके आधी तिला द्यावीत.

६. गाडीवरचा जुना भोंगा माझे दीर सुकदेव यांना द्यावा. यांना पोहोचवून आलो त्या दिवशी, माझे डोळे कोरडे व्हायच्या आत, भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, ते भंगार आता विकून टाका." भाऊजींना ऐकू कमी येते. भोंगा त्यांनी कानाला लावून पाहावा.

७. आता गाडी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

शेडमध्ये उभी असलेली गाडी फोर्ड मस्टँग आहे, अमेरिकेत बनलेली, दोन दारांची, स्टिअरिंग डावीकडे. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. ते पाहायला आले तेव्हा म्हणाले, "आजी, याला मसल कार म्हणतात." प्रशीलने सांगितले की मसल म्हणजे स्नायू. आमच्या भागात मात्र तिला सगळे घोडी म्हणतात. समोरच्या जाळीवर पळता घोडा आहे. तो घोडा आहे की घोडी, असे कोणी विचारले की हे म्हणायचे, "ते अमेरिकेतल्या माणसाला विचारा."

यांनी ती एरंडोलच्या बँडवाल्याकडून घेतली तेव्हा तिची चाके मातीत रुतलेली होती. त्या काळी आमच्या समाजातल्या मुलांची वरात असली की घोडीवाल्याकडे नेमकी तारीख नसायची. हे म्हणाले, "त्याच्याकडे नाही ना? मग आपली घोडी." रोज ड्युटीवरून आल्यावर ते तिच्याखाली शिरायचे आणि मी पोळ्या झाकून ठेवायची. पुढे कितीतरी नवऱ्या त्या मागच्या सीटवर वाकून शिरल्या. सपनाही त्याच गाडीतून या घरात आली.

पुण्याच्या गृहस्थांनी देऊ केलेली किंमत मी इथे लिहीत नाही. त्या आकड्यावर प्रशीलला फ्लॅट दिसू लागला. मलाही त्याचे वाईट वाटले नाही. शेडमध्ये उभ्या असलेल्या लोखंडातून मुलाचे घर होत असेल, तर हेसुद्धा नको म्हणाले नसते. पण ते गृहस्थ म्हणाले, "मालक कोण, ते कागदावर दाखवा. मी दुसऱ्या दिवशी हजर."

कागद नव्हताच. बँडवाल्याने साध्या कागदावर 'गाडी दिली' आणि यांनी 'गाडी घेतली' असे लिहिले होते, बाकी विश्वास. नंबर जुना, संगणकाच्या आधीचा. कचेरीत चकरा मारून हाती काही आले नाही. तेव्हा मी रंगावरून शोध घेतला. डाव्या दाराच्या कडेला रंग उडाला आहे, तिथे नख लावले की एकाखाली एक रंग दिसतात. वरचा आमचा निळा, मग गुलाबी, मग पिवळा, आणि सगळ्यांत खाली तांबडा. लोकांना नंबर आठवत नाही, रंग आठवतो.

गुलाबी बँडवाल्याचा होता, हे ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव नवल म्हणाले, "काकू, आमच्याकडे आली तेव्हा पिवळी होती. धुळ्याच्या टॉकीजवाल्याची. पिक्चर बदलला की भोंगा लावून गावभर फिरायची. पेट्रोल इतकं प्यायची की आमची वरात पंपापर्यंतच जायची. म्हणून बाबांनी तिला मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं." जुने इंजिन त्यांनी आम्हाला गाडीबरोबरच दिले होते. आमच्या घरी टीव्हीखाली फुलाफुलांच्या चादरीने झाकलेली जी वस्तू आहे ती पेटी नव्हे, तेच इंजिन आहे. ते गाडीबरोबर राहील. टीव्ही कुठे ठेवायचा, ते सपनाने पाहावे.

धुळ्यात टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तिथला म्हातारा वॉचमन पूर्वी टॉकीजवर तिकिटे फाडायचा. तो म्हणाला, "तांबडी होती बाई ती. दोंडाईच्याच्या मिरचीवाल्याची. मिरचीच्या रंगाची म्हणून घेतली असं सांगायचा, काय माणूस होता."

अशी मी दोंडाईच्याला पोहोचले, रेल्वेने, सपनाला सोबत घेऊन. मिरचीचे व्यापारी प्रेमराज पाटील कधीच वारले. ओट्यावर त्यांच्या पत्नी झुंबरबाई बसल्या होत्या, नव्वदीच्या घरातल्या. मी काम सांगितले. त्या अहिराणीत म्हणाल्या, "कोन शेस तू? अन् मन्ही सही कसाले जोयजे तुले?"

मी म्हणाले, "अक्का, सही तुमची नाही, मालकाची पाहिजे."

"मंग मन्हीच. मालक मीच शे."

आत जाऊन त्यांनी ट्रंकेतल्या साडीच्या घडीतून गाडीचे बुक आणले. त्यावर नाव त्यांचे होते. पाटलांनी ती मुंबईला सरकारी लिलावात, कोण्या परदेशी साहेबाची म्हणून, घेतली. तेव्हा ज्योतिषाने सांगितले की वाहन तुमच्या राशीला लाभत नाही, बायकोच्या नावावर करा. त्यांनी केले. विकताना मात्र बायकोला विचारायचे राहून गेले. बुकही मागितले नाही. टॉकीजवाल्यानेही मागितले नाही. तिथून पुढे सगळ्यांचाच विश्वास.

मी म्हणाले की कागदावर एक अंगठा द्या, तुमचा योग्य तो मान करू. झुंबरबाईंनी आधी मला चहा दिला, त्यांच्याच कपांतल्या एका कपात. माझ्या सासूला त्याच बाजूच्या गावात पाणी ओंजळीत मिळत असे, म्हणून हे लिहून ठेवते. मग त्या म्हणाल्या, "घर पोऱ्याना नावनं. वावर नातूना नावनं. दागिना सुनास्ना आंगवर. मन्हा नावनी हाई एकच गाडी शे. ती बी तू मांगी राहिनी?"

मी कागद परत पिशवीत ठेवला. गाडीत त्या कधी बसल्याही नव्हत्या. पाटील मित्रांना घेऊन फिरायचे.

दुसऱ्या वेळी प्रशील माझ्याबरोबर आला. झुंबरबाईंनी पुन्हा नाही म्हटले. त्यांचा नातू अभिमन आम्हाला स्टेशनवर सोडायला आला. प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. आजी दुपारची गाढ झोपते. अंगठ्याला शाई लावायची, कागद टेकवायचा. तिला कळणारपण नाही."

मी म्हणाले, "कळणार नाही म्हणूनच नको, बाबा."

"तुमचंच काम होतंय."

"माझंही नको."

प्रशील घे म्हणाला नाही, नको असेही म्हणाला नाही, रेल्वेचा सिग्नल पाहत राहिला. ते मी विसरलेले नाही, पण धरूनही ठेवलेले नाही. फ्लॅट डोळ्यांसमोर असला की माणसाला जवळचे दिसत नाही.

त्यानंतर मी ठरवले की सही मिळो न मिळो, मालकिणीने एकदा आपली गाडी पाहावी. डेपोतले जुने ड्रायव्हर बन्सीलालभाऊ हे यांचे मित्र. त्यांनी चालवली; मागे मी आणि सपना. त्यांची उंची यांच्याएवढीच, त्यामुळे आतला आरसा हलवावा लागला नाही. तो अजून यांनी लावला होता तसाच आहे. एरंडोलला चहाला थांबलो तर माणसे जमली. एक जण विचारत होता, "लगीन कोणाचं?" बन्सीलालभाऊ म्हणाले, "मालकिणीचं."

दोंडाईच्याला गाडी ओट्यापुढे उभी केली. झुंबरबाई काठी टेकत आल्या, सगळ्या बाजूंनी पाहून म्हणाल्या, "निळी कशी व्हयनी?" बायका पुढे डावीकडे बसतात हे त्यांनी पाहिलेले. म्हणून त्या डाव्या दाराने आत बसल्या. बसल्या तर समोर स्टिअरिंग.

दोन्ही हातांनी त्यांनी ते धरले आणि ओरडल्या, "अय माय! गाडी मन्हा हातमा उनी!" म्हणजे, गाडी माझ्या हातात आली.

अभिमन म्हणाला, "आजी, उतर आता. लोक हसताहेत."

"हसू दे. तुन्हा आजाले हसाले कोनी नही उनं."

त्या दुपारी त्या उतरल्याच नाहीत. मी उजवीकडे बसले. समोरच्या भिंतीकडे पाहत त्या स्टिअरिंग फिरवत होत्या. मग त्या म्हणाल्या, "सही मी देवाव नही. पन मन्हामांगे गाडी तूच ले."

मी म्हणाले, "अक्का, मला हृदयाचा त्रास आहे. मी आधी गेले तर?"

"मंग हाई पोर लेई," असे म्हणून त्यांनी काचेबाहेर उभ्या सपनाकडे बोट केले. "तिना नावनं काय शे?"

सपना म्हणाली, "काही नाही, आजी."

म्हणून आज आम्ही दोघी एकाच ओट्यावर, एकाच वकीलबाईंसमोर, आपापले मृत्युपत्र करतो आहोत. झुंबरबाईंच्या मृत्युपत्राने गाडी त्यांच्या पश्चात मला, आणि मी नसेन तर सपनाला मिळेल. माझ्याकडे आज गाडीची किल्ली आहे, इंजिन आहे आणि शेडमधली जागा आहे. मालकी नाही. जे आहे आणि जे पुढे येईल, ते सगळे मी एकट्या सपनाला देते. तोवर दरवर्षी अक्षय तृतीयेला गाडी दोंडाईच्याला न्यावी आणि मालकिणीला डाव्या दाराने बसवावे.

पुढे सपनाने गाडी ठेवावी किंवा विकावी. विकून फ्लॅट घेतला तरी माझी हरकत नाही. मात्र कागद आधी तिने वाचावा आणि सही तिची तिने करावी. 'इथे कर' असे म्हणून कोणी बोट ठेवू नये. ती नाही म्हणाली तर ते नाही समजावे. चालवायला तिला आरसा खाली करावा लागेल. तिने करावा. त्यात यांना काही वाटणार नाही, आणि मला वाटले तरी मी तेव्हा नसेन.

प्रशील, तू झुंबरबाईंच्या मरणाची वाट पाहू नकोस. फोन करून "आजी कशी आहे" असे विचारशील, तेव्हा खरोखर विचार.

८. मला घोडीतून नेऊ नये. ती लग्नाची गाडी आहे. विहारातली मंडळी सांगतील त्या पद्धतीने साधे करावे. यांचा डेपोचा खाकी शर्ट कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तो माझ्याबरोबर द्यावा. तो मी धुतलेला नाही.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रज्ञाने करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून बन्सीलालभाऊंना आणि झुंबरबाईंना यात काही नाही. अक्कांना साडी मी हातानेच दिली.

लिहिलेले सर्व मी मोठ्याने वाचून दाखवले आहे. झुंबरबाईंनी भोंग्याचे कलम दोनदा वाचायला लावले.

ठिकाण: दोंडाईचा, झुंबरबाईंचा ओटा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: (सही) कलाबाई देवचंद बिऱ्हाडे

साक्षीदार:
(सही) बन्सीलाल उखा महाजन, पिंप्राळा, जळगाव
झुंबरबाई प्रेमराज पाटील, दोंडाईचा, यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा

ठशाची ओळख पटवणार:
वरील ठसा माझ्या आजीचा आहे. तो तिने माझ्यासमोर, सगळे ऐकून, जागेपणी दिला आहे.
(सही) अभिमन पाटील