परतीचं वाजवणं

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तुम्ही होता तेव्हा मी भांडले नाही. माहेरी आले की तुमच्यासमोर ताट ठेवायची आणि गुमान आत निघून जायची. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी नोकरीवाल्याच्या घरी पडली अन् शिष्ट झाली. तसं नव्हतं. माझ्या बिदाईला क्लार्नेट वाजवीन असं तुम्ही कबूल केलं होतं आणि वाजवलं नाही, याचा राग होता. तो मी चांगला जपून ठेवला होता.

लग्नसराईत बँड आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या धानात मजुरी, असं आपलं घर. लग्नाच्या वऱ्हाडात तुम्हाला सगळे मास्तर म्हणायचे आणि जेवायला पंगती उठल्यावर बोलवायचे. पण तुमची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या बँडची मी पाहिली नाही. नवरी गेली की बँडचं काम संपतं. बाकीचे बँडवाले तिथंच टोप्या काढून बिड्या पेटवत. तुम्ही मात्र वेशीवरून मांडवाकडे तोंड करायचा आणि एखादी ठसक्याची चाल धरायचा. रडून बसलेल्या बायका त्या वाजवण्यामागं उठून घरी चालू लागायच्या. एकदा एका गावी नवरीचा मोठा बाप, म्हणजे थोरला चुलता, तुमच्या अंगावर धावून आला होता, "पोरगी गेली अन् तुमाले नाच सुचून राह्यला?" तुम्ही तोंडातून क्लार्नेट काढून शांतपणे म्हणालात, "भाऊ, पोरगी गेली. तिची माय तं इथीच हाये ना? तिले घरात न्याचं हाये का नाई?" तो वाटेतून बाजूला झाला. मी तेव्हा परकरात होते, आणि मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी दिवसभर तुमच्या लाल कोटाची बाही धरून फिरले.

माझ्या लग्नाच्या वेळी व्याह्यांनी निरोप धाडला. बँड तुमचाच राहू द्या, पण पोरीच्या बापानं बाजा तोंडाला लावू नये. मुलगा जंगल खात्यात आहे, साहेब लोक येतील, बरं दिसत नाही. आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळून राहिली आहे, तुम्ही चुलीपाशी बसून क्लार्नेटच्या तोंडाची वेताची पत्ती पाण्याच्या कपात भिजत टाकली आहे, आणि आई नेहमीसारखी कुरकुरते आहे, "त्याच कपात पाहुण्याले चहा देऊन टाकीन मी एक दिवस." मी तुमच्याजवळ येऊन बसते. म्हणते, "बाबा, साऱ्या तालुक्याच्या पोरीले तुमी वाजवून धाडलं. मले काऊन मुक्यानं धाडता?" तुम्ही पत्ती जिभेवर ठेवून पाहता. "वाजवीन ना माय. गाडीपाशी येऊन वाजवीन. मंग व्याही काय म्हणते ते म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी जीप सुरू झाली तेव्हा तुम्ही फेटा बांधून मांडवाचा खांब धरून उभे होता. क्लार्नेट दुसऱ्याच पोराच्या हातात. तो बिदाईची संथ चाल कशीबशी ओढत होता, दर दोन सुरांनी घसरत होता. मी मान मोडेस्तोवर मागं पाहत राहिले. तुम्ही आलाच नाही. मी रडलेही नाही. माझ्या सासूनं नंतर सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, सून मोठी धीराची आहे.

पुढं मी मुलचेऱ्याकडच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तोवर तुम्ही गेला होता. शाळेत एक बंगाली सर होते, जवळच्याच निर्वासितांच्या वस्तीतले. त्यांचा भाऊ कलकत्त्याला असायचा, तो कॅसेटी धाडायचा. एकदा मधल्या सुटीत सरांनी मला एक ऐकवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा बँड. आधी इतकं संथ, की मला आपली बिदाई आठवली. मग एकाएकी ढोल उसळला आणि सगळी वाद्यं नाचायला लागली. सर म्हणाले, "ही मयताची गाणी आहेत, बाई. माणसाला पोचवताना हळू, आणि पुरून परत येताना हे." मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

मग मी त्यांना रोज काहीबाही विचारायची. सरांनी सांगितलं, त्या लोकांच्या आज्या-पणज्यांना गुलाम करून जहाजात कोंबून आणलं होतं. कापसाच्या रानात एकानं हाक घालायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, तिथून त्यांचं गाणं निघालं. दुःखाची एक ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि मग त्या ओळीला उत्तर. बाजे मिळाले ते पलटणींनी टाकलेले जुने. गरिबाच्याही मयताला बँड असावा म्हणून ते वर्गणी काढत. गोरे लोक त्यांच्या वाजवण्यावर नाचत आणि वाजवणाऱ्यांना मागल्या दारानं आत घेत. हे ऐकताना मला आपल्या त्या उठलेल्या पंगती दिसत होत्या. पण एक गोष्ट त्यांनी केली, आपल्याला जमली नाही. हे आमचं आहे, आमच्या माणसांनी घडवलं, असं त्यांनी ताठ मानेनं म्हटलं. त्यांची नातवंडं ते शाळेत शिकतात. आपल्या बँडचा ढोल भंगारात गेला, आणि मी स्वतः शाळेत कुणाला कधी सांगितलं नाही की माझा बाप बँडवाला होता. हे ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा सरांना सांगितलं.

आणि तेव्हाच डोक्यात आलं. परतीचं वाजवणं नवरी कधी ऐकतच नाही. ती तर जीपमधून पार गेलेली असते. मग माझ्या वेळी वाजवलं का? आईला विचारलं, तर ती म्हणे, "मले त्या रोजचं काईच याद नाई." म्हणून मी आपल्या ढोलवाल्या काकांना गाठलं. ते म्हातारपणी अहेरीच्या बाजारात मिरच्या विकायचे.

"नाई वाजवलं, बाई," काका म्हणाले. "तुही जीप गेली अन् मास्तरनं त्या पोराच्या हातातून क्लार्नेट घेतलं, तोंडाले लावलं. आमी ढोल सावरून उभे. फूकच निघेना. पुन्हा लावलं, तरी नाई. मंग म्हणे, चला, राहू द्या."

"अन् गाडीपाशी काऊन नाई आले?"

"त्याच्यानं खांब सोडवत नोहता." काकांनी मिरच्या तोलता तोलता माझ्याकडं पाहिलं. "त्याच्यानंतर मास्तरनं कोनाच्याच लग्नात परतीचं वाजवलं नाई. लोकं म्हणत, मास्तर, वाजवा ना. तो म्हणे, मले आता ते खोटं वाटते."

मी त्यावर खूप विचार केला, बाबा. त्या दूरच्या लोकांतही कुणीतरी असेल, जो दुसऱ्यांच्या मयतावरून नाचत परत आला आणि स्वतःचं लेकरू पुरून येताना ज्याची फूक निघाली नाही. त्याची कॅसेट कुठून असणार? जे वाजलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं.

हे लिहिलेले कागद मी कुठं पोस्टात टाकणार आहे? लेकीनं वाचू नयेत म्हणून गादीखाली सारीन, झालं. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहते. काकांचं ऐकून मला वाईट वाटायला पाहिजे होतं. तालुक्यातल्या किती आया त्यानंतर वेशीवर तशाच बसून राहिल्या असतील, त्यांना घरी न्यायला कुणी वाजवलं नसेल. पण मिरच्यांची पिशवी घेऊन मी बसमध्ये बसले आणि पदर तोंडाला लावून जी रडायला लागले, ती दुःखानं नव्हे. तुमची फूक फक्त माझ्यापायी अडली, याचं मला फार बरं वाटलं होतं, बाबा.