गाडीत ठेवलेले अण्णा

वाई, १० फेब्रुवारी १९९१

चि. गुरुनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी आगगाडी आता कुठे पुणं सोडत असेल आणि मी इकडे पत्र लिहायला बसले. अण्णांना जाऊन दोन आठवडे झाले. तू होतास तोवर ठीक होतं, आता घर खायला उठतं.

निघताना सांगितलं तेच पुन्हा सांगते, कारण तू एका कानाने ऐकतोस. अस्थी घरात न्यायच्या नाहीत. बाहेर झाडाला बांध आणि पहिल्या सवडीला हरिद्वार गाठ. अर्ध्या इथे कृष्णेत सोडल्या, उरलेल्या गंगेत सोडा असं अण्णाच सांगून गेलेत. जन्मभर हवालदारकी केली, पण जिल्ह्याबाहेर पाऊल पडलं नाही माणसाचं. गुरूकडे चंदीगडला आठ दिवस राहावं आणि मग हरिद्वार पाहावं, एवढीच हौस होती. तू दर वेळी कळवायचास की पंजाबातली परिस्थिती बरी नाही, जरा निवळू दे. तुला दोष देत नाही. पण आता तरी त्यांचं तेवढं होऊ दे.

सुमेधाला म्हणावं, मेतकूट लगेच बरणीत काढ. आणि हेरंबला मराठीत चार ओळी लिहायला लाव. दिवाळीत त्याने आजोबांना आख्खं पत्र हिंदीत पाठवलं होतं. अण्णांनी ते शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि ट्रंकेत ठेवलं.

सर्वांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
शुभाताई

&nbsp;

चंदीगड, १५ फेब्रुवारी १९९१

ती. सौ. ताईस, गुरुनाथचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस आणि मग वाच. अण्णांच्या अस्थी चोरीला गेल्या.

मंगळवारी पोचलो. सुमेधा फियाट घेऊन स्टेशनवर आली होती. बुधवारी पहाटे हरिद्वारला निघायचं ठरलं होतं, तर बंद पुकारला गेला आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. घरात न्यायचं नाही, म्हणून खालच्या जांभळाला बांधणार होतो. पण इथे बेवारस गाठोडं दिसलं की लोक बॉम्ब समजून पळतात. शेवटी अस्थींचा तांब्या तसाच तुझ्या खणाच्या पिशवीत, गाडीच्या मागच्या सीटवर राहू दिला. काचा वर केल्या, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. गुरुवारी सकाळी खाली गेलो तर काच फुटलेली, टेप उपटलेला आणि पिशवी गायब. आमच्या गल्लीतली महिन्याभरातली ही पाचवी गाडी. समोरच्या बक्षींची तर स्टेपनी दोनदा गेली.

तसाच पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीने मान वर केली नाही. इथे रोज माणसं मरतायत आणि तुम्ही टेपचं काय घेऊन बसलात, असं म्हणाला. मी म्हटलं, टेप गेला खड्ड्यात, माझ्या वडिलांच्या अस्थी आहेत. त्यावर म्हणाला की त्या कोणाच्या काय कामाच्या, चोर देईल टाकून. रिपोर्ट लिहिलाच नाही. साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पेपरवेटखाली सरकवला. शिक्का नाही, नंबर नाही. ताई, मी विद्यापीठात शेकडो पोरांना शिकवतो, पण तिथे मला धड बोलताही आलं नाही.

तुला काय तोंड दाखवू कळत नाही. उत्तर धाड, शिव्यांनी भरलेलं असलं तरी चालेल.

तुझा,
गुरू

&nbsp;

वाई, २० फेब्रुवारी १९९१

चि. गुरुनाथ यास आशीर्वाद वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचलं. ह्यांनी पाणी आणून दिलं तेव्हा भानावर आले. तुला शिव्या कसल्या देऊ. झाडाला बांध, घरात नेऊ नको, हे माझंच तुणतुणं.

पण त्या मुन्शीची मला कमाल वाटते. अण्णांच्या पोलीस ठाण्यात आलेल्या म्हातारीची गोष्ट तुला आठवते ना? तिची कोंबडी चोरीला गेली तेव्हा अण्णांनी रीतसर तक्रार लिहून घेतली होती. रंग तांबडा, डाव्या पायाने लंगडी. फौजदार हसले, तर अण्णा म्हणाले की लहान की मोठं ते ज्याचं गेलं त्याला विचारावं. अशा माणसाच्या अस्थींची तक्रार कोणी लिहून घेत नाही म्हणजे काय?

तू रडत घरी बसू नकोस. ठाण्यात जा, बाकावर बस आणि लिहून घेईपर्यंत उठू नकोस. कोंबडीची गोष्ट सांग त्यांना. नाही ऐकलं तर मी येते तिकडे, मग बघू.

सुमेधाला सांभाळ. जीव तुमच्याकडे लागलाय.

ताई

&nbsp;

चंदीगड, २६ फेब्रुवारी १९९१

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

अण्णा सापडले. कसे सापडले ते लिहायला दहा दिवस हात उचलला नाही.

तुला पत्र टाकलं त्याच शुक्रवारी दुपारी चोराने टाकलेली पिशवी एका शाळेच्या भिंतीशी कोणाला तरी दिसली. पोलीस आले, मुलांना बाहेर काढलं, पिशवीभोवती वाळूची पोती रचली आणि स्फोट करून ती उडवली. शनिवारी वर्तमानपत्रात चार ओळी होत्या, आत तांब्याचे तुकडे आणि राख निघाली म्हणून. मी चहा घेत होतो. सुमेधाने माझ्या हातातला कप काढून घेतला.

ठाणं तेच, ताई. माझा अर्ज त्याच टेबलावर पेपरवेटखाली होता. कोणी एकाने वाचला असता तर हे टळलं असतं. मी धावत गेलो. ठाण्याच्या मागच्या अंगणात शाळेजवळून आणलेली फाटकी पोती पडली होती आणि वाळूत तुझ्या खणाच्या पिशवीची चिंधी. मी वाळू मागितली. मुन्शी म्हणाला, तुमचा रिपोर्टच नाही, मग ही तुमची कशावरून. हाकलून दिलं मला.

काल तुझं पत्र आलं. आज सकाळी ते खिशात घालून गेलो आणि बाकावर बसलो. दुपारी तीनपर्यंत कोणी विचारलं नाही. मग एक म्हातारे सरदारजी हवालदार शेजारी येऊन बसले. त्यांना तुझं पत्र हिंदीतून वाचून दाखवलं. कोंबडीपाशी ते थांबा म्हणाले. रजिस्टर आणलं आणि स्वतः लिहायला बसले. टेप एक, असं लिहून पेन थांबवलं, अण्णांचं नाव आणि हुद्दा विचारला आणि सगळं लिहिलं. मग जोडे काढून, अनवाणी, त्यांनीच फावड्याने पोतं भरून दिलं. राख कुठली, वाळू कुठली, कोण निवडणार. सगळीच घेतली.

घरी आलो आणि गाडीचं दार लावायला हात होईना. तू रागावशील, पण मी आणि सुमेधाने पोतं उचलून दोन मजले वर नेलं. अण्णा येतील म्हणून तीन वर्षांपूर्वी घेतलेली खाट आहे ना खिडकीजवळची, तिच्यावर ठेवलंय. हेरंबने हिंदीतच विचारलं, आजोबा आता आपल्याकडे राहणार का.

हरिद्वारचा रस्ता आता मोकळा आहे. तू सांगशील त्या दिवशी निघतो, तुझं पत्र येईपर्यंत हलत नाही.

तुझा,
गुरू

&nbsp;

वाई, ४ मार्च १९९१

चि. गुरुनाथ, सौ. सुमेधा, हेरंब यांस आशीर्वाद.

घरात नेलंस ते बरं केलंस. मी मुळीच रागावलेले नाही.

लगेच नेऊ नकोस. आठ दिवस राहायचं म्हणत होते तुझ्याकडे, राहू दे. मग ने.

ताई