एक मीटर वीस

सोमवार, ४ मार्च

वेळ साडेनऊची. सव्वादहाला चोवीसपैकी अकरा खुर्च्या रिकाम्या! आणि आल्या आल्या पहिला प्रश्न काय — "मॅडम, प्रमाणपत्र शुक्रवारीच हातात मिळणार ना?" सगळे नोकरी करणारे इंजिनिअर. पुराचं पाणी कुठवर चढेल ते संगणकावर कसं काढायचं, हे शिकायला ऑफिसनं धाडलेत. त्यांच्या लेखी पाच दिवसांचा आराम.

संचालक जिन्यात भेटले. "जरा सांभाळून घ्या हं. सगळे पास झाले तर पुढच्या वर्षीही माणसं पाठवतील." सांभाळून घ्या म्हणे! पूर घेतो का सांभाळून?

तरी फळ्यावर माझं वाक्य लिहिलंच — आकडा वापरण्याआधी तो कुठून आला ते विचारा. अकरा वर्षं लिहितेय. कोणीतरी मोठ्ठी जांभई दिली.

मंगळवार, ५ मार्च

डोकं फिरलंय.

सरावाचा नमुना म्हणून जुन्या पुलाजवळची नदी देते मी. नोकरीला लागले तेव्हा तिच्या पातळीच्या सगळ्या नोंदी मीच संगणकावर चढवल्या होत्या, म्हणून जरा जीव आहे तिच्यावर. काम एवढंच — तळ किती खडबडीत आहे याचा आकडा मॉडेलला द्यायचा. वाळू असेल तर लहान, झाडोरा असेल तर मोठा; आकडा जितका मोठा तितकं पाणी वर. तो कमीजास्त करत मॉडेलमधलं पाणी पुलावर मोजलेल्या पातळीशी जुळवायचं. या नदीत ०.०७ ला जुळतं. काठाला दाट झाडी आहे म्हणून, असं मी दरवर्षी सांगते.

मुलांनी (मुलं कसली, निम्म्यांना टक्कल आहे!) झटापट करावी, चुकावं, शिकावं. तर छोट्या सरांनी — माझे जोडीदार शिक्षक, वय तीस, चेहऱ्यावर सदा हसू — काय करावं? मी चहाला गेल्याबरोबर पडद्यावर थेट उत्तर लावून टाकलं! "वेळ वाचतो मॅडम." वेळ वाचतो! मग कोर्स तरी कशाला, उत्तरं पोस्टानं पाठवू.

तेवीस जणांनी ०.०७ उतरवून घेतलं आणि फोन काढले. एकानंही विचारलं नाही की का.

चोविसावा विचारतोय, पण भलतंच.

बुधवार, ६ मार्च

चोविसावा म्हणजे पट्टीवाले काका. नाव वर्गानंच पाडलं. त्रेपन्न वर्षांचे, शेवटच्या बाकावर, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. याच पुलाच्या खांबावर मोजपट्टी रंगवलेली आहे, ती वाचायचं काम त्यांनी सोळा वर्षं केलं. नोकरी करत डिप्लोमा केला, आता इंजिनिअर झालेत.

भर वर्गात उभे राहिले. "मॅडम, तिथं झाडी नाही. वाळू आहे. अनवाणी चाललोय मी."

मी म्हटलं, मग पाणी एवढं वर का चढतं?

"चढत नाही. जुनी पट्टी पुरात मोडली, नवी लावली, ती खाली लागली. शून्य एक मीटर वीस खाली गेलं, म्हणून पाणी तेवढं जास्त दिसतं. तुमच्या नोंदीत ते धरलेलंच नाही."

वर्ग हसला. मी हसले नाही, पण संताप आला. माझ्या नोंदी! एकेक आकडा दोनदा तपासून चढवलेला!

"कागद आहे का?"

"कागद नाही. मापाची दोरी मी धरली होती. वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या, त्यांनी लिहून घेतलं."

एक बाई! हा पुरावा! उद्या कोणी म्हणेल, मला स्वप्नात दिसलं. छोटे सर मागून खुसखुसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं पटलं, याचाच जास्त राग आला.

गुरुवार, ७ मार्च

परीक्षा. तेवीस उत्तरपत्रिका, तेवीस वेळा ०.०७. कारण लिहा म्हटलं होतं, तर "काठाला झाडी आहे, म्हणून". स्वल्पविरामासकट सारखं! मेंढरं!

काकांनी नव्या पट्टीच्या सगळ्या नोंदींतून एक मीटर वीस वजा केलं आणि ०.०३२ ला जुळवलं. वाळूच्या नदीचा आकडा. जुळलंय छान, अगदी देखणं. पण नियम माझाच आहे — लेखी पुराव्याशिवाय मोजलेल्या नोंदीला हात लावायचा नाही. तो मोडला की मॉडेल म्हणजे पोरखेळ.

शुक्रवार, ८ मार्च

काका दाराशी थांबले होते. नापास झाले तर त्यांना लांबच्या धरणावर पाठवणार, तिथून घरी यायला नऊ तास. आई अंथरुणाला खिळलेली, बघायला दुसरं कोणी नाही. हे त्यांनी नाही सांगितलं, कारकुनानं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "वजाबाकी मागे घेणार नाही मॅडम. त्या आकड्यावर उद्या कोणी बांध घालेल."

मी चिडून विचारलं, "त्या बाईंचं नाव तरी आठवतं का?"

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठवतं. पण आठवण चालत नाही ना तुम्हाला."

असला हेका! नाव सांगायला काय जात होतं?

शनिवार, ९ मार्च

निकालावर सही केली. तेवीस पास, एक नापास. संचालक म्हणाले, "त्यांनाही ढकला की पुढे." मी म्हटलं, ढकलायचं असेल तर माझ्या सहीशिवाय ढकला. सोमवारी निकाल ऑफिसांना जाणार.

घरी आले ती धुसफुसतच. भांडी आपटली. नवरा म्हणाला, "एवढी खात्री आहे तर चिडतेस कशाला?" त्याच्याशी बोलायची सोय नाही. वर आणखी — "तुझ्या जुन्या रोजनिश्या पेटीत आहेत की. तेव्हा तू पुलांवरच हिंडायचीस. बघ, काढ त्याला खोटा." काढणारच आहे!

रविवार, १० मार्च

सापडलं. सव्वीस वर्षांपूर्वीची वही, निळी शाई, पाण्यानं फुटलेली. अक्षर माझं.

"जुन्या पुलावर. नवी पट्टी लावली, शून्य १.२० खाली. धो धो पाऊस. दोरी धरणाऱ्या माणसानं मला छत्री दिली, स्वतः भिजत उभा राहिला. सोमवारी ऑफिसात नोंद करायची."

सोमवारचं पान उघडलं. ताईचा साखरपुडा, साडी, फोटो. पट्टीचं अक्षरही नाही.

अकरा वर्षं वर्गांना शिकवलेली ती झाडी मीच लावली होती!

माझ्या रोजनिश्या आजवर मी कुणालाही दाखवल्या नाहीत, नवऱ्यालासुद्धा नाही. उद्या निकाल जायच्या आत ही वही संचालकांच्या टेबलावर उघडी ठेवायची आहे. त्याआधी काकांना फोन.